बदके खोक्यात अंडी घालत नाहीत. पाचोळ्याखाली लपवलेली अंडी तशीच ठेवावीत का?

शेवंती (कुडाळ तालुका), ९ फेब्रुवारी

नमस्कार. आमच्या घरामागच्या वाडीत गेल्या जूनपासून सहा बदके आहेत. त्यांत खाकी कॅम्पबेल जातीच्या चार माद्या, गावातूनच मिळालेली एक देशी मादी आणि एक नर आहे. कोंबड्या आमच्याकडे पूर्वीपासून असल्या तरी बदके पाळण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे कोंबड्यांचे जे जे ठाऊक होते ते सारे आम्ही बदकांनाही लावले, आणि बहुधा तिथेच आमचे चुकले असावे, अशी शंका आता येऊ लागली आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिले अंडे मिळाले. सध्या रोज तीन-चार अंडी मिळतात, परंतु ती हुडकावी लागतात. सुताराकडून फळ्यांची चार खोकी करून घेतली, कोंबड्यांसाठी टांगतो तशी ती खुराड्याच्या भिंतीला जमिनीपासून दोन फुटांवर टांगली आणि त्यांत भाताचा पेंढा घातला. दोन महिने होत आले तरी त्या पेंढ्यावर एकाही बदकाने पाय ठेवलेला नाही. एका कोंबडीने मात्र त्यातले एक खोके आपलेसे केले आहे. बदकांची अंडी सापडतात ती खुराड्याच्या दारामागच्या कोपऱ्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या अळवात, कधी भर वाटेवर, आणि बहुतेक दिवशी एक तरी विहिरीलगतच्या सिमेंटच्या टाकीत. टाकीच्या आतल्या दुसऱ्या पायरीवर, वीतभर पाण्याखाली, पांढरे अंडे ठेवल्यासारखे पडलेले असते. खुराडे पहाटे साडेपाचला उघडले जाते, कारण सासरे त्या वेळी पूजेची फुले काढायला बाहेर पडतात आणि जाता जाता दार उघडतात.

दुसरी गोष्ट देशी मादीची. ती रोज सकाळी थव्यातून तासभर नाहीशी होत असे. सासूबाईंनी काल तिचा माग काढला, तेव्हा केळीच्या बुंध्याशी साचलेल्या वाळक्या पानांखाली नऊ अंडी मिळाली. ती हिरवट छटेची आहेत, त्यांच्यावर पाने ओढलेली होती आणि मधूनमधून करडी मऊ पिसे होती. अंडी हाताला गार लागली. तिथून उठली की ती दिवसभर इतरांबरोबर टाकीवर असते. अंड्यांवर बसलेली आम्ही एकदाही पाहिली नाही. सासूबाईंचे म्हणणे, “तेका हात लावू नको, ता बसतला.” सासरे म्हणतात की इतके दिवस थंड पडून राहिलेली अंडी आता ना खाण्याची ना उबवण्याची. कोणाचे खरे मानावे?

शिवाय चार कॅम्पबेलपैकी एकीने बारा दिवसांपूर्वी अंडी देणे एकदम थांबवले आहे. खाणेपिणे ठीक आहे, पण खुराड्यात पिसे फार पडतात. जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना पाणवठा (अलिबाग), ९ फेब्रुवारी

ताई, आपल्या सासूबाईंचे बरोबर आहे. त्या मादीने अंडी टाकून दिलेली नाहीत, तिची बैठक अजून सुरू झालेली नाही एवढेच. बदकाची मादी साधारणपणे दिवसाला एक अंडे घालते आणि आठ-दहा-बारा अंड्यांचा तिचा डाव पुरा होईपर्यंत ती त्यांच्यावर बसत नाही. पहिल्याच अंड्यावर ती बसली असती, तर पहिले पिल्लू शेवटच्या पिल्लाच्या दहा दिवस आधी बाहेर आले असते, आणि अंड्यातून निघाल्यावर दीड-दोन दिवसांत पाण्याकडे चालू लागणारी पिल्ले घेऊन तिने मागच्या अंड्यांपाशी थांबायचे की पिल्लांमागे जायचे? म्हणून ती सगळी अंडी आधी गार ठेवते आणि मग एकाच दिवशी ऊब द्यायला लागते, म्हणजे सारी पिल्ले एका दिवसाच्या अंतराने फुटतात. वर पाने ओढणे हा तिचा कुलूप लावण्याचा प्रकार आहे. आपण लिहिलेली करडी मऊ पिसे मला सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण बसण्याचे दिवस जवळ आले की मादी स्वतःच्या पोटाखालची लव उपटून घरट्यात पसरू लागते. माझ्या अंदाजाने ती चार-पाच दिवसांत बसेल.

आता खोक्यांविषयी. आपली पाळीव बदके, देशी काय किंवा कॅम्पबेल काय, रानातल्या ज्या जंगली बदकापासून आली ते जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटे करणारे बदक आहे. कोंबडीला उंचावर चढायला आवडते, बदकाला ते ना आवडते ना नीट जमते. दोन फुटांवर टांगलेले खोके तिच्या दृष्टीने खोकेच नव्हे. ती चारही खोकी भिंतीवरून उतरवा आणि खुराड्यात सर्वांत अंधाऱ्या बाजूला, दारापासून दूर, जमिनीवर ओळीने ठेवा. एक फूट रुंद, एक फूट उंच आणि दीड फूट खोल एवढे माप पुरते आणि तीन माद्यांमागे एक खोके हे प्रमाण असते, म्हणजे आपल्याकडे दोनच लागतील. उरलेली कोंबड्यांना राहू द्या. पुढच्या बाजूला चार बोटे उंचीची पट्टी ठोका, म्हणजे पेंढा बाहेर ओढला जाणार नाही आणि मादीला पाय उचलून आत जाता येईल. तळाला तूस आणि वर पेंढा घाला. पेंढा मुठीने दाबून मधे खळगा करा, अगदी पेजेच्या वाडग्याएवढा. हा खळगा केल्याशिवाय माझ्याकडच्या माद्या नव्या खोक्याकडे ढुंकूनही पाहत नसत.

त्या खळग्यात एक-दोन खोटी अंडी ठेवावीत. बदकाला जिथे अंडे दिसते तिथे अंडे घालावेसे वाटते, आणि दारामागचा तो कोपरा याच रीतीने रूढ झाला असणार: एकीने घातले, आपण दुपारपर्यंत ते उचलले नाही, दुसरीने पाहिले. लाकडाची अंडी उत्तम. नाही तर नदीतला पांढरा गुळगुळीत गोटाही चालतो. टेबल टेनिसचा चेंडू मात्र ठेवू नये. तो हलका असतो, मादीच्या पायाने बाहेर उडतो आणि ती बिचकून पुन्हा आत येत नाही. हा माझा स्वतःचा उद्योग आहे.

टाकीतल्या अंड्याचे मूळ मात्र खोक्यात नसून साडेपाच वाजता उघडणाऱ्या दारात आहे. बदके बहुतेक अंडी पहाटे चार ते सकाळी आठ-नऊ या वेळात घालतात. आपण ऐन त्या वेळी त्यांना बाहेर सोडता. ती थेट पाण्यावर जातात आणि अंड्याची वेळ झाली की जिथे असतील तिथे अंडे पडते. पहिल्याच हंगामातल्या तरुण माद्यांना तर कळ आल्यावर जागा शोधण्याइतकी उसंतही नसते. एक गंमत पाहा: टाकीतली अंडी पांढरी आणि केळीखालची हिरवट, असे आपणच लिहिले आहे. कॅम्पबेलचे अंडे बहुधा पांढरे असते, म्हणजे टाकीत अंडी घालणाऱ्या त्या चौघींपैकीच आहेत आणि देशी मादीने स्वतःची सोय केव्हाच लावली आहे. दार साडेआठ-नऊपर्यंत बंद ठेवा. तेवढा वेळ आत पाणी हवे आणि ते पसरट ताटलीत नको, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल अशा खोल भांड्यात हवे. पाणी नसेल तर आत खाद्यही ठेवू नये, कारण बदकाचा घास पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही.

टाकीतून काढलेली अंडी उबवायला ठेवू नयेत. गरम अंडे गार पाण्यात पडले की आतला भाग आकसतो आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरचे पाणी, त्यातल्या घाणीसकट, आत ओढले जाते. स्वच्छ पाण्यातले अंडे त्याच दिवशी खायचे असेल तर पूर्ण शिजवूनच खावे, अर्धवट उकडून नव्हे.

पोफळवाडी (गुहागर), ९ फेब्रुवारी

वरील सर्व मान्य आहे, पण केळीखालची अंडी तिथेच ठेवण्याचा सल्ला मला पटत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही असाच कौतुकाने थांबलो होतो. करवंदीच्या जाळीत बसलेली मादी एकविसाव्या रात्री मुंगसाने मारली आणि अंडी फोडून खाल्ली. सकाळी पिसे आणि जाळीत अडकलेली एक चपटी चोच एवढेच उरले होते. मोकळ्यावर बसलेली मादी अठ्ठावीस रात्री जागची हलत नाही. मुंगूस, उदमांजर, घूस, घोरपड, साप यांपैकी एकालाही तिचा वास लागला की संपले. अंडी काढून घ्यावीत, खावीत, आणि मादीला खुराड्यातच अंडी घालण्याची सवय लावावी. पिल्ले हवी असतील तर खुडूक कोंबडीखाली घरात उबवावीत.

जुना पाणवठा (अलिबाग), १० फेब्रुवारी

मादी गेल्याचे दुःख समजू शकतो. तरीही आता सारी अंडी एकदम उचलली तर ती मादी खोक्याकडे येणार नाही. ती वाडीच्या आणखी आतल्या बाजूला नवी जागा पाहील आणि ती जागा सासूबाईंनाही सापडणार नाही. बंदोबस्त करायचा तर मादीभोवती करावा.

निवृत्त पशुवैद्यक, १० फेब्रुवारी

मी पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षे काम केले असून त्यातली बरीच कोकणात गेली. वरच्या दोन्ही मतांत तथ्य आहे. पण अंड्यांच्या वयाचा मुद्दा राहून गेला आहे.

गार पडलेले अंडे मेलेले नसते, ते थांबलेले असते. साधारण वीस अंश सेल्सिअसच्या खाली गर्भाची वाढ जवळजवळ पूर्ण थांबते, आणि थंड प्रदेशात बदकाची पद्धत यामुळेच निर्वेध चालते. आपल्याकडे फेब्रुवारीत रात्र तशी गार असली तरी दुपारी केळीच्या सावलीतसुद्धा त्याहून अधिक तापमान असते. त्यामुळे गर्भ धड वाढत नाही आणि धड थांबतही नाही, आणि अंडे जितके दिवस असे पडून राहील तितकी त्यातून पिल्लू निघण्याची शक्यता घटत जाते. उबवणुकीसाठी सात दिवसांपर्यंतची अंडी चांगली असे आम्ही शिकवत असू. आपल्या नवांपैकी सर्वांत जुनी दोन-तीन अंडी वाया जाण्याची शक्यता आहे, पण ती कोणती हे आता ओळखता येणार नाही. म्हणून आहेत ती राहू द्यावीत. आजपासून प्रत्येक नव्या अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख घालावी. शाईचे पेन वापरू नये. अंडी धुऊ नयेत. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो आणि तो गेला की जंतूंना वाट मिळते. मादी एकदा बसली की त्यानंतर एकही नवे अंडे खाली सरकवू नये, नाही तर एका दिवशी सारी पिल्ले फुटण्याची तिची व्यवस्थाच मोडते.

पुढच्या वेळी मात्र दुसरी रीत वापरता येईल. रोजचे अंडे उचलून त्याच्या जागी खोटे ठेवावे, खरी अंडी निमुळते टोक खाली करून घरातल्या सर्वांत गार जागी ठेवावीत, आणि मादी पक्की बसल्यावर अंधार पडताच एका वेळी सर्व बदलावीत.

बसलेल्या मादीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नवखे लोक इथेच घाबरतात. ती दिवसातून एकदा किंवा दोनदा उठते, अंडी लवेने झाकते, वीस-तीस मिनिटांत खाते, न्हाते, आणि दिवसभर रोखून धरलेली भलीमोठी, अतिशय दुर्गंधी विष्ठा टाकते. ती पाहून हगवण लागली असे समजून औषध मागायला आलेली माणसे मी पाहिली आहेत. परत येते तेव्हा तिची पोटाखालची पिसे दमट असतात आणि तो ओलावा अंड्यांना लागतो. तो त्यांना हवाच असतो. बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवायची झाल्यास नेमके हेच कमी पडते, म्हणून तिथे दुसऱ्या आठवड्यापासून कोमट पाण्याचा हलका शिपका द्यावा लागतो. कोंबडीखाली आठ-दहाहून अधिक बदकाची अंडी मावत नाहीत, कारण कोंबडीचे अंडे पन्नास-पंचावन्न ग्रॅमचे तर बदकाचे पासष्ट-सत्तर ग्रॅमचे असते. तिला स्वतःच्या एकवीस दिवसांऐवजी अठ्ठावीस दिवस बसावे लागते हेही लक्षात असू द्यावे. बहुतेक कोंबड्या बसतात, एखादी कंटाळून उठते.

कॅम्पबेल माद्यांकडून मात्र बसण्याची अपेक्षा ठेवू नये. ही जात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये श्रीमती कॅम्पबेल यांनी रनर आणि रुआँ या बदकांच्या जाती व जंगली बदक यांच्या संकरातून तयार केली आणि १८९८च्या सुमारास ती लोकांपुढे आली. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देण्याची तिची ख्याती आहे, आणि ज्या गुणासाठी तिची निवड होत गेली तोच गुण खुडूक बसण्याच्या मुळावर आला. जी मादी बसते ती अंडी देणे थांबवते. अंड्यांसाठी पाळणाऱ्याने अशी मादी पैदाशीला ठेवलीच नाही. आपल्या वाडीत हा फरक फार सोयीचा आहे. कॅम्पबेलने अंडी द्यावीत आणि देशी मादीने ती उबवावीत. नर सर्वांना एकच असल्यामुळे पिल्ले मिश्र निघतील, एवढे गृहीत धरावे. पाच माद्यांना एक नर हे प्रमाण योग्य आहे. दुसरा नर आणल्यास माद्यांच्या मानेवरची पिसे उपटली जातील, आणि एखादा उरलेला नर कोंबड्यांच्या मागे लागून त्यांना इजा करील.

अंडी थांबवलेल्या मादीविषयी. पिसे पडत आहेत आणि खाणे नीट आहे, म्हणजे ती पिसे बदलते आहे. नवी पिसे घडवायला प्रथिने लागतात, अंड्यालाही लागतात, आणि शरीर एका वेळी एकच काम पत्करते. सहा ते आठ आठवड्यांत ती पुन्हा सुरू होईल. तिला नुसता कोंडा आणि कणी घालत असाल तर ते अपुरे आहे. सुकी मासळी, गोगलगाई किंवा अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य जोडावे आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. चुरा खाद्यात मिसळू नये, ज्या मादीला हवा ती आपणहून खाते. खाद्याला बुरशी आलेली असेल तर ते पूर्ण फेकून द्यावे. बुरशीचे विष बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत बाधते, आणि पावसाळ्यातली शेंगदाण्याची पेंड आणि मका या बाबतीत सर्वांत फसव्या.

काही जण अशा वेळी खुराड्यात दिवा लावायचा सल्ला देतात. अंड्यांसाठी चौदा ते सोळा तास उजेड चांगला हे खरे आहे. कॅम्पबेलच्या मूळ गावी उन्हाळ्यात दिवस सोळा तासांहून मोठा आणि हिवाळ्यात आठ तासांहून लहान असतो, त्यामुळे तिथे हंगाम ठळक दिसतो. कोकणात सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेराच्या थोडा पुढे, इतकाच फरक. दिवा लावायचा तर रोज त्याच वेळी लागला पाहिजे. आपल्याकडे वीज ज्या रीतीने येते-जाते ते पाहता आठवडाभर लावून चार दिवस बंद राहिलेला दिवा मादीला पिसे टाकायलाच लावील. घरच्या अंड्यांसाठी हा खटाटोप करू नये.

आणखी एक. पोफळवाडी यांनी घोरपडीचा उल्लेख केला आहे. तिला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा फास लावण्याचा विचार कोणी करू नये. मादीभोवती अर्ध्या इंची छिद्रांची लोखंडी जाळी, वरूनही झाकलेली आणि खाली वीतभर जमिनीत गाडलेली, हा उपाय पुरेसा आहे. दिवसा एक बाजू उघडी ठेवावी आणि संध्याकाळी ती आत आहे हे पाहून बंद करावी.

शेवंती (कुडाळ तालुका), १३ फेब्रुवारी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. १० आणि ११ तारखेला एकेक अंडे वाढले आणि काल संध्याकाळी ती बसली. अकरा अंडी आहेत. जवळ गेले तर मान जमिनीलगत ताणून सापासारखी फुसफुसते. ही तीच मादी आहे यावर विश्वास बसत नाही. जाळी लावली आहे. सासऱ्यांना दार उशिरा उघडायला सांगणे कठीण जाईल असे वाटले होते, पण अलिबागच्या सदस्यांचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवताच ते म्हणाले, की मग फुले काढून आल्यावर उघडतो, आणि आता साडेआठ वाजतात.

एक शंका आहे. शेजाऱ्यांकडे एक मोठे काळे-पांढरे बदक आहे, तोंडाभोवती लाल चामखिळींसारखी कातडी असलेले. ते आवाजही फारसा करत नाही. ते म्हणतात की पुढच्या खेपेला हा नर सोडा, पिल्ले दांडगी होतील. हे योग्य आहे का?

लोहितकाठ (गुवाहाटी), १४ फेब्रुवारी

नोकरीनिमित्त अनेक वर्षे आसाममध्ये आहे, म्हणून या शंकेचे उत्तर देण्याचे धाडस करतो. आपण वर्णन केले ते मस्कोव्ही बदक आहे. इथे त्याला चिनाहांह म्हणतात आणि घरोघरी गावठी पाती हांहच्या सोबत पाळतात. दोन्ही एका अंगणात वावरत असली तरी त्या दोन निराळ्या प्रजाती आहेत. मस्कोव्ही मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, झाडाच्या ढोलीत घरटे करणारे. त्याची मादी उंचावरचे झाकलेले खोके आनंदाने घेते, म्हणजे आपण भिंतीला टांगलेली ती खोकी तिला कदाचित आवडली असती! तिची अंडी अठ्ठावीसऐवजी सुमारे पस्तीस दिवसांनी फुटतात. हे ठाऊक नसल्यामुळे तिसाव्या दिवशी ‘अंडी कुजली’ म्हणून जिवंत अंडी फेकून देणारे शेजारी मी इथेही पाहिले आहेत.

मस्कोव्ही नर आणि देशी मादी यांच्या संकरातून पिल्ले निघतात आणि ती अंगाने भरतातही, पण खेचरासारखी वांझ असतात. मांसासाठी हवी असतील तर गोष्ट निराळी; पुढे अंडी आणि वंश हवा असेल तर हा नर आणू नये. शिवाय तो वजनाने इतका जड असतो की आपल्या कॅम्पबेल माद्यांना तो झेपणार नाही.

शेवंती (कुडाळ तालुका), १६ मार्च

काय झाले ते लिहिण्याचे मागे कबूल केले नव्हते, पण लिहिणे योग्य वाटते. आठव्या रात्री मादी न्हायला उठली असताना सासूबाईंनी पाळत ठेवली आणि मी मोबाइलच्या उजेडात अंडी पाहिली. हिरवट कवचामुळे पहिल्या दोन अंड्यांत काहीच कळेना. मग मुठीची नळी करून अंडे तिच्या तोंडाशी धरले, तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसला. अकरांपैकी नऊ अंड्यांत शिरा होत्या, दोन नितळ होती. ती दोन काढून टाकली. दोहोंवर पेन्सिलीची तारीख नव्हती, म्हणजे ती जुन्या नवांतलीच निघाली.

११ मार्चला संध्याकाळी एका अंड्याला तडा गेलेला दिसला आणि आतून चिवचिव ऐकू येऊ लागली. बारा तास झाले तरी तडा तेवढाच राहिला, म्हणून मी कवच सोलायला हात पुढे केला होता. सासूबाईंनी मनगट धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अंड्यातून पिल्लू निघाले आणि दुपारपर्यंत एकूण सात झाली. एक अंडे फुटलेच नाही, एकातले पिल्लू तडा गेल्यावर आत मेले. सातही पिल्ले पिवळी-काळपट आहेत आणि आईच्या पंखाखालून एका वेळी दोन-तीनच चोची बाहेर दिसतात.

खोकी खाली उतरवल्यापासून दोन कॅम्पबेल रोज त्यांतच अंडी घालतात. पिसे टाकणारीने अजून सुरुवात केलेली नाही. चौथी मात्र दार उघडेपर्यंत आत शांत बसून राहते, बाहेर आल्यावर सर्वांत आधी टाकीकडे धावते आणि त्याच दुसऱ्या पायरीवर अंडे घालते. साडेनऊपर्यंत थांबवून पाहिले, तरी तेच. सासऱ्यांनी बांबूला जुनी चहाची गाळणी बांधून ठेवली आहे.

आता प्रश्न पिल्लांचा आहे. आई त्यांना घेऊन काल टाकीच्या कठड्यापर्यंत गेली होती. त्यांना पाण्यात जाऊ द्यावे का?

जुना पाणवठा (अलिबाग), १६ मार्च

आईबरोबर थोडा वेळ जाऊ द्यायला हरकत नाही, पण आज त्या टाकीत नको. आपण लिहिले होते की दुसरी पायरी वीतभर पाण्याखाली आहे. मग पहिली पायरीही पिल्लाच्या मानाने भिंतच ठरते. मोठी बदके एका झेपेत वर येतात, पिल्ले येऊ शकत नाहीत, कडेकडेने पोहत राहतात आणि दमून बुडतात. आज सकाळीच टाकीवर फळ्या टाका किंवा कठड्याला जाळी लावा, आणि पिल्लांसाठी चार बोटे पाण्याची परात ठेवून तिच्या आत-बाहेर विटा रचा. टाकी पुन्हा उघडायची ती पायरीपासून कठड्यापर्यंत विटांची किंवा खडबडीत फळीची तिरपी चढण केल्यावरच. फळी गुळगुळीत असेल तर तिच्यावर काथ्याची दोरी आडवी गुंडाळा, पाय घसरत नाहीत.